प्रोपेन, ब्युटेन आणि शेगडीची आच

हॉटेलच्या भटारखान्यात आणि वडापावच्या गाडीवर एक समज पक्का असतो: लाल टाकीपेक्षा निळ्या टाकीला आच जास्त. लाल म्हणजे घरगुती, १४.२ किलोची. निळी म्हणजे व्यावसायिक, १९ किलोची. हा समज नुसता झटकून टाकता येत नाही, कारण निळ्या टाकीवरची भट्टी खरोखरच जोरात पेटते आणि भज्यांची मोठी कढई बघता बघता तापते. जे दिसतं ते खरं आहे, कारण मात्र चुकीचं लावलं जातं. दोन्ही टाक्यांत नेहमी भरला जाणारा गॅस एकाच भारतीय मानकाखाली येतो, आयएस ४५७६. तो प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंच्या मिश्रणाचा असतो. वेगळं असतं ते टाकीच्या पुढचं सगळं. भट्टीला जास्त दाबाचा रेग्युलेटर असतो, तिच्या नोझलचं भोक मोठं असतं, बर्नर रुंद असतो. तासाला किलोभर गॅस जाळणारी भट्टी आणि दीडशे-दोनशे ग्रॅम जाळणारी घरची शेगडी यांची आच सारखी कशी लागणार?

ब्रिटनमध्ये मात्र लाल आणि निळ्या टाकीत खरोखरच वेगळा गॅस असतो. तिथल्या कॅलर कंपनीच्या लाल टाकीत प्रोपेन आणि निळ्या टाकीत ब्युटेन. कॅरॅव्हॅनमध्ये किंवा कालव्यातल्या होडीवर राहणाऱ्यांना दुकानात उभं राहून दोहोंतून एक निवडावा लागतो, आणि कोणता जास्त तापतो हा वाद तिथे जुना आहे. आपल्याला ती निवड कधी करावी लागली नाही. पण आपल्या टाकीत हे दोघेही एकत्र नांदतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक आपल्याही ओट्यावर रोज काम करत असतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

आधी वजनाचा हिशेब. एक किलो प्रोपेन पूर्ण जाळलं तर सुमारे ११,०८० किलोकॅलरी उष्णता हाती लागते. एक किलो ब्युटेनमधून सुमारे १०,९३०. हे आकडे निव्वळ उष्णतेचे आहेत, म्हणजे जळताना तयार होणारी पाण्याची वाफ तशीच हवेत निघून जाते असं धरून काढलेले. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे तीन आणि हायड्रोजनचे आठ अणू, ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे चार आणि हायड्रोजनचे दहा. किलोमागे हायड्रोजनचा वाटा प्रोपेनमध्ये किंचित जास्त पडतो, आणि हायड्रोजन वजनाच्या मानाने फार उष्णता देतो. तेवढ्यानेच प्रोपेन पुढे जातं.

हा सव्वा टक्का स्वयंपाकाच्या भाषेत किती होतो? साधारण तापमानाचं एक लिटर पाणी उकळीला आणायला ७३ किलोकॅलरी लागतात. घरगुती शेगडीच्या मानकात, आयएस ४२४६मध्ये, औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी अशी अट आहे. त्या हिशेबाने लिटरभर पाण्याला सुमारे दहा ग्रॅम गॅस लागतो. आता १४.२ किलोची एक टाकी निव्वळ प्रोपेनची आणि दुसरी निव्वळ ब्युटेनची आहे असं समजा. पहिल्या टाकीवर दुसरीपेक्षा जेमतेम एकोणीस-वीस लिटर पाणी जास्त उकळेल. महिना-सव्वा महिना चालणाऱ्या टाकीत हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. गॅस किलोवर विकत घेत असाल, तर दोन्ही जवळपास सारखेच.

घनफळाने मोजायला लागलं की चित्र पालटतं. टाकीतला गॅस द्रवरूप असतो, आणि द्रव ब्युटेन द्रव प्रोपेनपेक्षा जड. प्रोपेनचा एक लिटर साधारण अर्धा किलो भरतो, ब्युटेनचा ५८० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या टाकीत ब्युटेन जास्त मावतं. कॅलरची जी टाकी प्रोपेनची म्हणून ३.९ किलोची, तीच ब्युटेनची म्हणून ४.५ किलोची असते. ६ किलो प्रोपेनच्या टाकीची जोडीदार ७ किलो ब्युटेनची. म्हणजे बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन टाक्यांपैकी निळीत साधारण सातव्या हिश्श्याने उष्णता जास्त. ब्युटेन जास्त दिवस पुरतं, हे होडीवाल्यांचं म्हणणं यातूनच आलेलं आहे आणि ते बरोबर आहे.

शेगडीला मात्र किलोही कळत नाही आणि टाकीचा आकारही कळत नाही. तिच्यापर्यंत पोचतो तो वायू, एका बारीक भोकातून. म्हणून खरा फरक त्या भोकाशी शोधायला हवा.

वायुरूपात एक घनमीटर प्रोपेन जाळलं तर सुमारे २१ हजार किलोकॅलरी मिळतात, ब्युटेनचे सुमारे २७ हजार. ब्युटेन जवळपास तीस टक्क्यांनी वरचढ, कारण त्याचा रेणूच मोठा. तेवढ्याच जागेत जास्त कार्बन, जास्त हायड्रोजन. मग त्याच शेगडीवर ब्युटेनची आच तीस टक्के जास्त लागायला हवी. प्रत्यक्षात तेवढी लागत नाही, कारण जड वायू भोकातून सावकाश बाहेर पडतो. दाब तोच असेल तर वायूचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुपटीने. वर्गमूळ काढलं की ब्युटेनचा प्रवाह साधारण तेरा टक्क्यांनी मंदावतो. तीस टक्क्यांची आघाडी घटून तेराच्या आसपास उरते.

गॅसच्या धंद्यातले तंत्रज्ञ हाच हिशेब एका आकड्यात मांडतात: घनमीटरमागची उष्णता भागिले सापेक्ष घनतेचं वर्गमूळ. इटलीच्या गोफ्रेडो वोब्बे यांच्या नावाने त्याला वोब्बे निर्देशांक म्हणतात. दोन वायूंचा वोब्बे निर्देशांक सारखा असेल, तर तीच शेगडी, तेच नोझल आणि तोच दाब ठेवून दोन्ही वायूंवर सारखीच आच मिळते. तो वेगळा असेल तर काहीतरी बदलावंच लागतं: भोक तरी, नाहीतर दाब तरी.

ब्रिटनने दाब बदलला. तिथे ब्युटेनचा रेग्युलेटर २८ मिलिबारचा असतो आणि प्रोपेनचा ३७ मिलिबारचा. बऱ्याच जणांना हा दोन देशांच्या विजेच्या प्लगांसारखा निव्वळ प्रघाताचा फरक वाटतो, पण त्यामागे चोख गणित आहे. भोकातून येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. २८ वरून ३७ वर गेलं की प्रवाह साधारण पंधरा टक्क्यांनी वाढतो. ब्युटेनची तेरा टक्क्यांची आघाडी रेग्युलेटरनेच भरून काढली. टाकी लाल असो वा निळी, योग्य रेग्युलेटर लावला की त्याच शेगडीवर चहाला तितकाच वेळ लागतो. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते: शेगडीला काही कळू न देता तिच्याआधीच्या एका छोट्याशा चकतीने दोन वायूंमधला फरक मिटवून टाकला.

आपल्याकडे मिश्रण असल्यामुळे एकच दाब पुरला. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅमवर, म्हणजे साधारण ३० मिलिबारवर आणून ठेवतो. मिश्रणात ब्युटेनचा वाटा मोठा. आपल्या गॅसची किंमत सौदी अरेबियात दर महिन्याला जाहीर होणाऱ्या भावाशी बांधलेली आहे, आणि त्या हिशेबात ब्युटेन ६० टक्के व प्रोपेन ४० टक्के असं प्रमाण धरलं जातं. आपला निम्म्याहून जास्त गॅस आखातातून आयात होतो. उरणला मुंबई हायच्या वायूतूनही एलपीजी वेगळा काढला जातो. तो घरी कुठूनही आला तरी किलोमागची उष्णता अकरा हजारांच्या आसपासच राहते. या कंपनीचा गॅस जोरकस आणि त्या कंपनीचा फुसका, ही तक्रार गॅसच्या रसायनशास्त्रातून सिद्ध होत नाही. टाकीत गॅसच कमी भरलेला असेल तर गोष्ट वेगळी. तो संशय वजनकाट्यावर फिटतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि टाकी आणून देणाऱ्याला काटा लावायला सांगा. तो आपला हक्क आहे, आणि तो मागताना संकोच करू नये.

आणखी एक समज: प्रोपेनची ज्योत ब्युटेनच्या ज्योतीपेक्षा गरम असते. हवेत जळताना मिथेन, प्रोपेन आणि ब्युटेन या तिन्हींच्या ज्योतीचं सैद्धांतिक कमाल तापमान १,९५० ते १,९८० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात येतं. तीसेक अंशांनी पातेल्याला काही फरक पडत नाही. भाजी लवकर शिजते ती ज्योत गरम असल्यामुळे नव्हे, तर मिनिटाला जास्त उष्णता पातेल्याच्या बुडाला लागल्यामुळे.

आता थंडीकडे येऊ. इथे मात्र दोन्ही वायूंमधला फरक टक्क्यांत मोजण्याजोगा राहत नाही. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. टाकीतला द्रव उकळून त्याची वाफ झाली तरच शेगडीपर्यंत काही पोचणार. म्हणजे पारा शून्यावर आला की निव्वळ ब्युटेनची टाकी गच्च भरलेली असूनही ज्योत देत नाही. किलोला १०,९३० किलोकॅलरी आत तशाच पडून राहतात. युरोपात हिवाळ्यात घराबाहेर टाकी ठेवणारे लाल टाकी घेतात ते यासाठीच.

लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्याही खाली जातो. आपल्यासारखं मिश्रण तिथे काय करतं, ते पाहण्यासारखं आहे. नवी टाकी चालते, कारण तिच्यातल्या प्रोपेनचा दाब पुरेसा असतो. पण चपळ प्रोपेन आधी निघून जातं आणि मागे ब्युटेनचं प्रमाण वाढत राहतं. टाकी अर्ध्याखाली गेली की ज्योत मान टाकते आणि हलवून पाहिलं तर आत द्रव खळखळतो. उंचीचा इथे थोडा आधार मिळतो. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब कमी असल्याने ब्युटेन उणे अकरा-बारा अंशांपर्यंत उकळू शकतं. पण तिथल्या कडाक्यात हा आधार रात्रभर पुरत नाही.

लेहला न जाताही हे अनुभवता येतं. सह्याद्रीत थंडीतल्या मुक्कामाला ब्युटेनच्या छोट्या डब्यावरचा स्टोव्ह नेणाऱ्यांना पहाटेचा चहा रखडलेला माहीत असतो. बाहेर आठ-दहा अंश असतात, म्हणजे ब्युटेन उकळायला हरकत नसते. पण उकळण्यासाठी लागणारी उष्णता ते स्वतःमधूनच घेतं, डबा आणखी गार होतो आणि ज्योत बारीक होत जाते. हिमालयात जाणारे म्हणूनच आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांच्या मिश्रणाचे डबे घेतात. आयसोब्युटेन हा ब्युटेनचाच भाऊ, तेवढेच अणू पण मांडणी वेगळी. तो उणे ११-१२ अंशांना उकळतो. उष्णता तीच, फक्त गारठ्यात हाताशी येणारी.

ही स्वतःच गार होण्याची क्रिया भटारखान्यातही रोज घडते. एक किलो गॅसची वाफ व्हायला साधारण ८५ ते ९० किलोकॅलरी लागतात. तो गॅस जाळून अकरा हजार मिळणार असतात, त्यामुळे शेकड्याला एकही भाग खर्च होत नाही. पण ती उष्णता भट्टीतून परत येत नाही. ती टाकीच्या पत्र्यातून, आजूबाजूच्या हवेतून यावी लागते, आणि तीही सतत. तासाला किलोभर गॅस ओढणाऱ्या भट्टीच्या टाकीला शंभर वॅटच्या जुन्या बल्बाएवढी उष्णता अखंड मिळत राहायला हवी. लग्नाच्या मांडवात आचारी दोन-तीन मोठ्या भट्ट्या एकाच टाकीला जोडतात, तेव्हा ती मिळत नाही. टाकीला घाम फुटतो, मग खालच्या बाजूने पांढरं दव गोठतं आणि भट्टी मंदावते. आतला दाबच उतरलेला असतो. गॅस संपलेला नसतो.

यावर मांडवात जे उपाय दिसतात त्यांतले काही अंगावर काटा आणणारे असतात. टाकीला आच दाखवणं किंवा टाकी निखाऱ्यांजवळ सरकवणं हे सरळ स्फोटाला आमंत्रण आहे. टाकी आडवी करणंही तितकंच वाईट, कारण मग वाफेऐवजी द्रव बाहेर येतो. त्या द्रवाची वाफ झाली की तिचं घनफळ अडीचशे पटींच्या आसपास वाढतं आणि भट्टीची ज्योत आवरेनाशी होते. योग्य उपाय एकच, आणि तो सोपा आहे: एकीऐवजी तीन-चार टाक्या एकत्र जोडायच्या. प्रत्येकीवरचा ओढा कमी होतो, पत्र्याचं एकूण क्षेत्रफळ वाढतं आणि हवेतून पुरेशी उष्णता मिळते. मोठ्या हॉटेलांच्या मागे जाळीत रांगेने टाक्या उभ्या दिसतात, त्या केवळ साठ्यासाठी नसतात.

टाकी संपत आली की ज्योत लालसर-पिवळी होते, हेही त्याच क्रमाचं शेवटचं टोक आहे. हलके वायू आधी गेलेले असतात. तळाशी ब्युटेन आणि त्याच्याहूनही जड अंश उरतात. त्यांना जळायला जास्त हवा लागते, ती शेगडीच्या ठरलेल्या छिद्रांतून पुरेशी येत नाही, आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. वासासाठी मिसळलेलं गंधकयुक्त द्रव्यही तळाशी साठत जातं, म्हणून शेवटच्या दिवसांत वास उग्र येतो. मात्र भरलेल्या टाकीवरही ज्योत पिवळीच राहत असेल तर दोष गॅसचा नाही. बर्नर आणि हवेची छिद्रं साफ करून घ्या.

मुंबई-पुण्यात घरोघरी पाइपचा गॅस आल्यापासून ‘याला टाकीसारखी आच नाही’ ही तक्रार ऐकू येते. पाइपातून येतो तो मुख्यतः मिथेन. किलोमागे तो प्रोपेनपेक्षाही जास्त उष्णता देतो, पण घनमीटरमागे फक्त आठ हजार किलोकॅलरींच्या आसपास. त्याचा दाबही कमी, २१ मिलिबार. वोब्बे निर्देशांक आणि दाब दोन्ही जमेस धरले, तर टाकीच्या गॅससाठीच्या नोझलमधून पाइपच्या गॅसची जेमतेम अर्धी आच मिळेल. म्हणून जोडणी देताना कंपनीचा माणूस नोझल बदलतो किंवा भोक मोठं करतो. क्षेत्रफळ दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे व्यास साधारण १.४ पट. हे नीट झालं असेल तर आचेत कमतरता राहायचं कारण नाही. कमतरता राहिलीच, तर बहुतेक वेळा भोक पुरेसं मोठं केलेलं नसतं. याच्या उलट चूक जास्त घातक आहे. पाइपच्या गॅससाठी रुंदावलेली शेगडी गावच्या घरी नेऊन टाकीला जोडली, तर दुप्पट गॅस सुटतो, हवा अपुरी पडते आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. परदेशी जाताना इथली शेगडी सामानात बांधणाऱ्यांनीही तिथे कोणता गॅस आणि किती दाबाने येतो, हे आधी विचारावं.

टाकीतल्या मिश्रणातच एक बदल पुढे येऊ घातला आहे. डायमिथाइल ईथर, थोडक्यात डीएमई, हा मिथेनॉलपासून तयार होणारा वायू एलपीजीत मिसळता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर काम केलं आहे. निव्वळ डीएमई, मिश्रण आणि साधा एलपीजी अशा तिन्हींवर चालणारी ‘अदिती ऊर्जा संच’ नावाची शेगडी तिथे २०२०मध्ये सादर झाली. आयात कमी करण्याच्या दृष्टीने हे काम मोलाचं आहे, आणि ते पुण्यात झालं याचा मला अभिमान वाटतो. डीएमई उणे २५ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनच्या मधोमध. त्याच्या रेणूतच ऑक्सिजनचा एक अणू असल्याने तो काजळी फारशी धरत नाही. रबराला मात्र तो फुगवतो, त्यामुळे नळी आणि वॉशर त्याला टिकणारे लागतात.

पण तोच ऑक्सिजनचा अणू किलोत वजन भरतो आणि उष्णता देत नाही. डीएमईच्या एका किलोतून ६,९०० किलोकॅलरींच्या आसपासच मिळतात. एलपीजीत वजनाने २० टक्के डीएमई मिसळला, तर किलोमागची उष्णता १०,९७० वरून सुमारे १०,१५० वर येते, म्हणजे साडेसात टक्के घट. आजवर टाकी किलोवर विकणं रास्त होतं, कारण प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण कितीही हललं तरी गिऱ्हाइकाचं नुकसान टक्का-सव्वा टक्क्यापलीकडे जात नव्हतं. डीएमई आला की तसं राहणार नाही. कारखान्यांना नैसर्गिक वायू उष्णतेच्या एककावर विकला जातो. घरच्या टाकीवरही त्या वेळी किलोच्या शेजारी किलोकॅलरी छापली जावी आणि दर तिच्यावर ठरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर १४.२ किलोची टाकी काट्यावर १४.२ किलोच भरेल, पण आजच्या गॅसच्या १३.१ किलोंइतकाच स्वयंपाक करेल, आणि चाळीस दिवस पुरणारी टाकी सदतिसाव्या दिवशी संपेल.